इंजिनाच्या सायकलवरून पाव गरम पोचल्याची हकीकत

तीर्थरूप बाबांना,

तुमच्या सुनेचा इथूनच वाकून नमस्कार. (वाकता येतंय. बसण्याची मात्र सध्या थोडी अडचण आहे, म्हणून हे पत्र भट्टीजवळच्या फळीवर कागद ठेवून उभ्यानंच लिहिते आहे. अक्षर वर-खाली झालं तर सांभाळून घ्या. अडचणीचा खुलासा पुढे येईल तेवढा येईल. सासऱ्यांना सगळंच सांगणं बरं दिसत नाही.)

गुडघा कसा आहे? ताई सांगत होत्या की डॉक्टरांनी जिना चढायची मनाई केली आहे आणि तुम्ही तो रोज चढता, कारण वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बुद्धिबळात तुमच्याकडून हरतात. गृहस्थांनाच खाली बोलवावं, असं आपलं मला वाटतं. हरायला यायचं तर तेवढे कष्ट त्यांनी घ्यायला हरकत नाही. ताईंना आणि जावयांना माझा नमस्कार सांगा, आणि तुमच्या लेकीला म्हणावं की तुम्ही रागावून ऐकणारे नाही, पथ्याचं जेवण चविष्ट झालं तरच ऐकाल. इकडे सगळे खुशाल आहेत. भट्टी खुशाल, दुकान खुशाल, मांजर खुशाल (हल्ली शेजाऱ्यांकडे असते, त्याचंही कारण पुढे येईल) आणि तुमचे चिरंजीव तर फारच खुशाल. त्यांनी मला बजावलं आहे की बाबांना यातलं काही कळवू नकोस, उगाच काळजी करत बसतील. म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर ते शेजारी उभे राहून हातवारे करतात आणि मग माझं बोलणं तुटक होतं.

मूळ विषय हॉस्पिटलचा पाव. टेकडीवरच्या हॉस्पिटलात सकाळच्या पहिल्या चहाबरोबर आपला पाव जातो, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे विहिरीला पाण्याची ओळख करून देण्यासारखं आहे. तो मान तुम्ही मिळवलात, आणि डोक्यावर पाटी घेऊन तो चढ तुम्ही असा चढायचात की खालून बघणाऱ्याला वाटावं पाटी रिकामीच आहे. तुमच्यानंतर आपण पाटीवाला ठेवला. तुम्ही ताईंकडे गेलात आणि थोड्याच दिवसांत त्यानं नोकरी सोडली. गेला तो थेट कोटवाल्यांकडे. (कोटवाले म्हणजे बाजारात नवी बेकरी काढली ते. भट्टीसमोरही कोट घालून उभे असतात, म्हणून हे नाव पडलं. माणूस वाईट नाही. घाम मात्र फार येतो.) त्यांच्याकडे व्हॅन आहे. पाटीवाल्याला मी कारण विचारलं तर म्हणाला, ‘वहिनी, तिथं मला बसायला मिळतं.’ नोकरी सोडायची इतकी सरळ कारणं फार थोड्यांकडे असतात. मी त्याला दोन दिवसांचे पाव बांधून दिले आणि निरोप दिला.

मग पाव पोचवायचं काम माझ्याकडे आलं. चिरंजीव भट्टी सोडू शकत नाहीत आणि मला सायकल येते, एवढ्यावर ते ठरलं. बाबा, तो चढ तुम्ही रोज चढलात आणि त्याबद्दल घरात कधी एक शब्द काढला नाहीत, याचा मला पहिल्याच दिवशी राग आला. निदान एकदा तरी सांगायचं होतं. दगडी बाकाच्या वळणापर्यंत मी सायकलवर असते, तिथून पुढे सायकल माझ्यावर असते. रोज हॉस्पिटलच्या फाटकातून मी आत जायची तेव्हा चहाच्या किटल्या वॉर्डांतून परत येत असायच्या. पेशंट चहा नुसता पिऊन बसलेले आणि पाव थंडगार. मेट्रनबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त पाव हातात घेऊन बोटानं दाबून बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. त्यांचं ते बघणं तुम्हाला माहीत आहे. असं वाटतं की आपलाच ताप बघताहेत.

शेवटी एके दिवशी त्या बोलल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या सासऱ्यांचा पाव आला की वॉर्डातली माणसं उठून बसायची. आता झोपतात. कोटवाल्यांनी विचारणा केली आहे. पुढच्या सोमवारी दोघांचाही पाव बघेन आणि ठरवीन.’ मी घरी येऊन हे सांगितलं. चिरंजीवांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मग सोडून देऊ हॉस्पिटल.’ आता तुमच्या मुलाची निंदा तुमच्याकडे करायची नाही, एवढं मला माझ्या आईनं शिकवलं आहे. भट्टीसमोर तो माणूस वाघ आहे. जाळ बघून पीठ कधी आत सारायचं हे त्यांच्यासारखं कुणाला कळत नाही. पण भट्टीपासून लांब गेले की त्यांना प्रत्येक वस्तूत खड्डा दिसतो. माळ्यावर चढायचं झालं तर शिडीची इतकी चौकशी करतात की शेवटी मी चढून, वस्तू काढून, खाली येऊन पुन्हा कामाला लागलेली असते. ते म्हणाले, ‘झेपत नाही ते माणसानं हसतमुखानं सोडावं.’ मी पीठ मळत राहिले. त्या दिवशीचा पाव फार हलका झाला होता, असं गिऱ्हाइकं सांगत होती.

आणि बघा योग कसा असतो. त्याच दिवशी पीठ मळायच्या यंत्राचा पट्टा तुटला. तो घेऊन मी नटबोल्टच्या वर्कशॉपमध्ये गेले. (हा नटबोल्ट तुम्ही गेल्यानंतर आला. पंप दुरुस्त करतो. ताडमाड उंच, आणि अंगावर इतकं काळं तेल की नक्की किती वयाचा आहे ते दिसत नाही. खरं नाव विचारलं तर त्यालाही क्षणभर आठवावं लागतं.) तो पट्टा शोधत होता तोवर मी इकडेतिकडे बघत होते, तर कोपऱ्यात बागेत औषध फवारायच्या पंपाचं इंजिन पडलेलं. पंप मेला होता, इंजिन जिवंत होतं. मोठ्या पपईएवढं. मी म्हटलं, हे किती ओढेल? नटबोल्ट इंजिनांबद्दल सोयरीक जुळवताना बोलतात तसा बोलतो. म्हणाला, ‘वहिनी, तापट आहे, पण मनात काही ठेवत नाही. जोराचं म्हणाल तर बकरी ओढील.’ पावाच्या टोपलीचं वजन बकरीपेक्षा कमी असतं. राहिले मी, तर चढावर मी पायडल मारणारच होते. तिथल्या तिथे माझा बेत ठरला. माझ्या वडिलांची गिरणी होती हे तुम्हाला माहीतच आहे. पट्टा आणि पुली मला बाराखडीच्या आधी आली, बाराखडी अजूनही थोडी कच्चीच आहे. इंजिनाच्या बदल्यात नटबोल्टनं रोज सकाळी वर्कशॉपवर गरम पाव मागितला आणि व्यवहार पक्का झाला. पट्टा विसरून मी इंजिन कडेवर घेऊन घरी आले.

चिरंजीवांनी दारातच विचारलं, ‘हे काय?’ मी म्हटलं, ‘हॉस्पिटल.’ ते आत गेले आणि वाळूची बादली भरून आणली. बाबा, पुढचा सगळा काळ हा माणूस ती बादली हातात घेऊन माझ्या मागेमागे फिरत होता. मी पाना उचलला की ते बादली उचलायचे. तोंडानं विरोध आणि हातात बादली, असा त्यांचा एकंदर पवित्रा होता.

पहिली रचना मी अशी केली. सायकलच्या मागच्या कॅरियरवर इंजिन बसवलं आणि त्याच्या दांड्याला एक लाकडी रूळ जोडला, तो थेट मागच्या टायरवर टेकवला. रूळ फिरला की टायर फिरणार, टायर फिरला की सायकल चालणार, इतकं साधं. (रूळ आपल्या पीठ लाटायच्या जुन्या यंत्रातला घेतला. ते यंत्र तुम्हीच मोडीत काढलं होतं, म्हणून विचारलं नाही.) मागच्या गल्लीत नेऊन दोरी ओढली. एकदा ओढली, नुसतं खोकलं. पुन्हा ओढली, शिंकलं. मग मी त्याच्याशी नटबोल्टच्या भाषेत दोन गोड शब्द बोलले आणि ओढली, तर असा आवाज झाला की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि आपली मांजर भिंतीवरून शेजाऱ्यांकडे गेली. हल्ली येते, पण जेवणापुरती, पाहुण्यासारखी. सायकल मात्र चालली. मी पाय वर उचलून धरले होते, आणि मला कुणीही न ढकलता मी पुढे जात होते. लग्न झाल्यापासून असा अनुभव मला प्रथमच आला. गल्लीच्या टोकाला मात्र लॉन्ड्रीवाल्यांनी रस्त्यावर पाणी सोडलं होतं. ओल्या टायरवर लाकडी रूळ नुसता घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, रूळ गरगर फिरतोय आणि सायकल जागच्या जागी. मी रेस वाढवली, ती वाढवायला नको होती. रबर जळल्याचा वास आला आणि टायर असा फुटला की लॉन्ड्रीवाले हात वर करून बाहेर आले. चिरंजीवांनी धावत येऊन सगळी वाळू ओतली. आग कुठेच नव्हती, त्यामुळे ती माझ्यावर ओतली.

नटबोल्ट म्हणाला, रुळाचं काम सपाटीचं, चढाला दात पाहिजेत. म्हणजे साखळी. मग दुसरी रचना. मागच्या चाकाला डाव्या बाजूनं एक मोठं दातेरी चक्र लावलं, स्पोकांना पकडून, मध्ये रबराचे तुकडे घालून; इंजिन काढून सायकलच्या पोटात, म्हणजे दोन्ही पायांच्या मध्ये बसवलं; आणि दोघांना साखळी जोडली. उजवीकडची साखळी माझी, डावीकडची त्याची. इंजिनात आत एक क्लच आहे, तो रेस वाढली की आपण होऊन पकडतो आणि कमी झाली की सोडतो. संसारात असा क्लच असता तर फार भांडणं वाचली असती, असं मी चिरंजीवांना म्हटलं. त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली. पेट्रोलची टाकी म्हणून मी व्हॅनिला इसेन्सचा पत्र्याचा डबा झाळून पुढच्या हँडलला टांगला. कितीही धुतला तरी त्याचा वास जाईना. मी रस्त्यातून गेले की मागे केक जळल्याचा वास राही आणि लोक आपापल्या स्वयंपाकघरांकडे धावत.

ही सायकल पहिल्या दिवशी दगडी बाकाच्या पुढे गेली आणि थेट फाटकापर्यंत पोचली. किटल्या अजून भरत होत्या. मी मोठ्या ऐटीत टोपली मेट्रनबाईंपुढे ठेवली. त्यांनी पाव उचलला, नाकाशी नेला, आणि म्हणाल्या, ‘हा पेशंटला द्यायचा की रुग्णवाहिकेला?’ डबा हिंदकळून पेट्रोल टोपलीवर उडालं होतं. सगळा पाव परत. घरी आले तर चिरंजीव मी न सांगताच समजले (वासानं), आणि पहिल्यांदाच काही चांगलं बोलले. म्हणाले, ‘चहाआधी पोचलीस ना?’ एवढंच. मग आम्ही दोघांनी मिळून टाकी मागे सीटखाली नेली, तिला चांगलं घट्ट झाकण केलं, आणि टोपली पुढे ठेवली. आम्ही दोघांनी म्हणते आहे याकडे लक्ष असू द्या. पाना मीच फिरवला, पण झाकण त्यांनी धरलं होतं.

मग चौकातला प्रसंग. तो तुमच्या कानावर दुसरीकडून येण्याआधी मीच सांगते. टाकी मागे गेल्याचा तोल बघावा म्हणून मी बाजाराच्या दिवशी सायकल बाहेर काढली आणि चौकात रेसची तार अडकली. रेस कमीच होईना. ब्रेक दाबला तर ब्रेकचं रबर तापून धूर यायला लागला. रस्ता गर्दीचा, म्हणून सरळ न जाता मी कारंज्याभोवती गोल फिरायला लागले. पहिल्या फेरीला लोकांनी वाट दिली, दुसऱ्या फेरीला टाळ्या दिल्या. भाजीवाल्या बाई तर प्रत्येक फेरीला मला पुढे काय करावं ते सांगत होत्या, पण मी पुढे गेल्यावर त्यांचं वाक्य अर्धंच ऐकू यायचं. चिरंजीव बादली घेऊन आतल्या बाजूनं माझ्याबरोबर धावत होते आणि ओरडत होते, ‘पेट्रोलचा कॉक बंद कर.’ तो मी केला. पण इंजिनाच्या आत जे थोडं पेट्रोल उरलेलं असतं त्यावर आणखी फेऱ्या झाल्या, त्या निव्वळ शोभेच्या. थांबले ती वाहतुकीच्या हवालदारासमोर. त्यानं सायकलभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘हे वाहन नेमकं काय आहे?’

मी म्हटलं, ‘सायकल.’

‘मग आवाज कसला येतो?’

‘चढावर दम लागतो तिला.’

‘हा चढ नाही.’

‘सराव करते आहे,’ मी म्हटलं. त्यानं चिरंजीवांच्या हातातली बादली बघितली, त्यांचा चेहरा बघितला, आणि म्हणाला, ‘तुम्ही यांचे कोण?’ चिरंजीव म्हणाले, ‘मी वाळूवाला.’ बाबा, हा माणूस लग्नात इतका गोरामोरा झाला नव्हता. हवालदारानं सज्जनपणानं एवढंच सांगितलं की रस्त्यावर आणायची तर आधी रीतसर दाखवून, तपासून घ्या. ते आम्ही दुसऱ्याच दिवशी केलं. तपासणाऱ्या साहेबांनी पुष्कळ विचार करून तिला परवानगी दिली, पण आधी इंजिन झटक्यात बंद होईल अशी सोय करायला सांगितली. मी आपल्या दाराच्या घंटीचं बटण काढून हँडलला लावलं. ते दाबलं की प्लगची ठिणगी तुटते आणि इंजिन गप्प. (म्हणून हल्ली आपल्याकडे येणारे कडी वाजवतात.)

सोमवार आला. त्या दिवशी चिरंजीवांनी भट्टीतून पाव काढले. टोपलीत जाड चादर घातली, त्यावर पाव रचले, वरून पुन्हा चादर, आणि कडा अशा खोचल्या की लहान मुलाला थंडीत पांघरूण घालावं. मग पाना घेऊन खाली बसले आणि सायकलचा एकेक नट आवळला. मी निघाले तेव्हा ते नुसते दारात उभे होते. बादली दिसली नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

सपाटीवर सगळं छान होतं. चढाला लागले तसा आवाज खोल झाला आणि सायकल हादरायला लागली. आता या हादरण्याबद्दल थोडं. पायांमध्ये इंजिन असलं की ते हादरणं सीटमधून वर येतं, आणि सीट कातड्याची असली तरी माणूस हाडामांसाचा असतो. इथे थांबते. दगडी बाकाच्या वळणावर, बरोबर जिथून चढ भिंतीसारखा उभा राहतो तिथे, इंजिन बंद पडलं. एकदम. पाखरांचा आवाज ऐकू यायला लागला. उतरून बघितलं तर हादऱ्यानं प्लगची टोपी निसटून लोंबत होती. ती मी दाबून बसवली, पण उतावीळपणात एका हातानं दोरी ओढताना दुसरा हात टोपीवरच राहिला. बाबा, त्या एवढ्याशा इंजिनात एवढी वीज असेल असं वाटत नाही. दात एकमेकांवर वाजले आणि खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. पण त्यामुळे एक कळलं की ठिणगी उत्तम आहे. मी बसले, पायडल मारलं, इंजिनानं पकडलं, आणि आम्ही दोघं आपापल्या साखळ्या ओढत वर निघालो. कधी ते थकायचं तेव्हा मी जोर लावायची, कधी मी थकायची तेव्हा ते. मला तुमची आठवण आली. तुम्ही हे एकट्यानं करायचात, आणि डोक्यावर पाटी.

फाटकातून आत गेले तर कोटवाल्यांची व्हॅन आधीच येऊन उभी. पाटीवाला पुढच्या सीटवर बसला होता, त्यानं मला बघून अर्धं उठून नमस्कार केला. मी टोपली उतरवून आत नेली. आत मेट्रनबाईंच्या टेबलावर कोटवाल्यांचा पाव मांडलेला, सुबक, एकसारखा, कागदात गुंडाळलेला. शेजारी मी टोपली ठेवली. चेहऱ्यावर काळं तेल, केसांत वाळू (ती अजून निघते आहे), आणि अंगाला केक जळल्याचा वास. कोटवाले बिचारे सरकून बसले. मेट्रनबाईंनी त्यांचा पाव हातात घेतला, दाबला, ठेवला. मग आपली चादर उघडली. वाफ आली. खरोखर वाफ आली, बाबा. त्यांच्या चष्म्यावर धुकं धरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, एक पाव उचलला आणि या हातातून त्या हातात घेत राहिल्या, कारण धरवत नव्हता. कोटवाले म्हणाले, ‘आम्ही आधी आलो.’ खरं होतं ते. पण त्यांच्या व्हॅनला सगळ्या दुकानांचा माल एकदम भरून निघावं लागतं, आणि चढ अरुंद म्हणून मोठ्या रस्त्यानं वळसा घालून यावं लागतं. त्यांचा पाव निघतानाच गार झालेला असतो. मेट्रनबाई म्हणाल्या, ‘आधी आलात, मान्य. पण हा अजून भट्टीतून येतोच आहे.’ आणि त्यांनी तो पाव मोडून तोंडात टाकला. मेट्रनबाईंना मी कधी काही खाताना बघितलं नव्हतं. त्यांनी तो शेवटपर्यंत चावून खाल्ला. मग म्हणाल्या, ‘उद्यापासून मुलांच्या वॉर्डातही द्या. आणि संध्याकाळचाही.’

कोटवाल्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला. माझ्या हातात अजून थोड्या मुंग्या होत्या. त्यांना काही लागलं का, विचारायचं राहिलं.

मी बाहेर आले. सायकलकडे बघते तर मागच्या मडगार्डचा एक दांडा लोंबतोय, सीटखालचा एक बोल्ट जागेवर नाही, सायलेन्सर एका नटावर. आता उतरायचं कसं या विचारात होते तर फाटकातून तुमचे चिरंजीव आत आले. चालत. घामाघूम, लालबुंद, अंगावर भट्टीतलं पीठ तसंच. हा माणूस शिडी चढत नाही. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, बोलायला श्वास नव्हता. खिशात हात घातला आणि मूठ उघडली. नट, वॉशर, एक बोल्ट, मडगार्डचा स्क्रू. सबंध चढभर सायकलमधून जे जे गळत गेलं होतं ते सगळं त्यांनी मागून वेचत आणलं होतं. मी म्हटलं, ‘मिळालं. मुलांचा वॉर्डही मिळाला.’ त्यांनी मान हलवली आणि पायरीवर बसून एकेक नट लावायला लागले. मी त्यांना टोपलीत उरलेला पाव दिला. त्यांनी तो खाल्ला, जरा वेळ आपल्याच पावाकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘वर आल्यावर चव वेगळी लागते.’ भट्टीत जन्म घालवलेल्या त्या माणसानं आपला पाव टेकडीवर बसून कधी खाल्लाच नव्हता. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. (ते बसले. मी उभी होते.) वॉर्डाच्या खिडकीतून एक म्हातारे पेशंट उठून बसलेले दिसत होते, पाव चहात बुडवून खात होते आणि बाहेर आमच्याकडे बघत होते.

तर बाबा, असं झालं. हॉस्पिटल आपल्याकडेच राहिलं, वाढून राहिलं. गल्लीत आता लोक आवाजाची तक्रार करत नाहीत, उलट घड्याळ लावतात. नटबोल्टनं वर्कशॉपवर पाटी लावली आहे की इथे पावाची इंजिनं मिळतील. तुम्ही काही काळजी करू नका, प्रकृतीला जपा, आणि बुद्धिबळात त्या गृहस्थांना अधूनमधून एखादा डाव जिंकू द्या. ताईंना आणि जावयांना पुन्हा नमस्कार, मुलांना पापा.

तुमच्या आशीर्वादानं आणि पेट्रोलवर चालणारी,
तुमची सून

ता. क. – वर मी ‘सायकल’, ‘सायकल’ असं बरंच लिहिलं आहे. ती सध्या माझ्याकडे नाही. त्या सोमवारी परत येताना तुमचे चिरंजीव म्हणाले, ‘उतारावर मी बघू का जरा?’ आणि बसले. ते अजून उतरलेले नाहीत. सकाळचा पाव तेच नेतात, संध्याकाळचाही तेच, मधल्या वेळात मेट्रनबाईंना काही हवंय का ते विचारायला जातात. हॉस्पिटलला मी पायीसुद्धा जात नाही, कारण काय ते पुढच्या ओळीत.

दुसरा ता. क. – भट्टीवर माणूस नाही. जाळ मला कळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. काल मुलांच्या वॉर्डातून निरोप आला की पाव छान आहे पण बुडाला काळा आहे. हे पत्र लिहायचं खरं कारण एवढंच की तुम्ही या. जिना नाही, चढ नाही, भट्टीसमोर उंच स्टूल ठेवलं आहे. नुसतं बसून ‘आता सार’ आणि ‘आता काढ’ एवढं म्हणायचं, हात मी लावीन. चिरंजीवांना परत भट्टीवर बसवा असं मी म्हणत नाही. त्यांना इतकं खूश मी पूर्वी बघितलेलं नाही. गाणं म्हणतात.

तिसरा ता. क. – तुम्ही येताय असं नुसतं म्हटल्यावर त्यांनी मागे कॅरियरवर गादी शिवून घेतली आहे. स्टेशनवर तुम्हाला घ्यायला ते स्वतः येणार. तेव्हा येण्याची खरी तारीख फक्त मला कळवा, त्यांना एक दिवस पुढची कळवा, आणि स्टेशनवरून सरळ भाड्याची गाडी करून घरी या. कडी वाजवा, मी आतच असेन.